आशाताई आली कुठून? जामखेड, गडचिरोली आणि तुमचं आजोळ



पोस्ट लांबलचक आहे. आत्ता घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रविवारी चहा घेऊन निवांत वाचा.

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की आपल्यातल्या कुणाचा तरी प्रश्न येतोच. "लेक सोळा वर्षांची आहे, सुट्टीत भारतात जातोय, दोन आठवडे एखाद्या चांगल्या एनजीओत काम करता येईल का?" दिवाळीच्या सुमारास दुसरा प्रश्न येतो. "देणगी द्यायची आहे, पैसे खरंच पोचतात अशी संस्था सांगा." दोन्ही प्रश्न मनापासून असतात. पण त्यांच्या मागे एक ठरलेलं चित्र असतं. एक ध्येयवेडं जोडपं, एक झाडीतला परिसर, आणि सरकार म्हणजे बाहेर कुठेतरी असलेली, बहुधा अडवणूक करणारी गोष्ट. मुलंही तेच चित्र घेऊन मोठी होतात. मग एखादा चौदा वर्षांचा विचारतो, "संस्था एवढं करतात, तर मग सरकार काय करतं?" आणि आपण "अरे, इंडियात असंच असतं" म्हणून विषय संपवतो.

असंच नसतं. ते नेमकं कसं असतं याची एक गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे आणि ती निम्म्या जगाने अभ्यासली आहे. तुमच्या आजोळी आज जी आशाताई घरोघर फिरते, ती आली कुठून, याची ही गोष्ट.

तसं सेवाभावी संस्थेने माणसं तयार करायची आणि सरकारी यंत्रणेने ती वापरायची, हे आपल्याकडे नवं नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. घरंदाज बाईने परक्या रोग्याला हात लावणं म्हणजे बाटणं, असं समजण्याचे ते दिवस. सेवासदनाने बायकांना, त्यात कितीतरी विधवांना, नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं. रुग्णालय सरकारचं, शिकवणारे सरकारचे. पण त्या बायकांना घराबाहेर काढणं, त्यांच्या राहण्याची सोय करणं आणि टोमणे मारणाऱ्या समाजाला तोंड देणं, हे काम संस्थेचं. एकट्या ससूनला ते जमलं नसतं आणि एकट्या सेवासदनाकडे रुग्णालय नव्हतं.

आता साठ वर्षं पुढे येऊ.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. नगर जिल्ह्याचा (आता अहिल्यानगर) हा कायम दुष्काळी तालुका. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. आपल्यापैकी मेरीलँडकडे राहणारे ज्या इमारतींवरून जातात, तिथेच. हॉपकिन्स पुन्हा एकदा येणार आहे या गोष्टीत, लक्षात ठेवा.

त्यांची पहिली कल्पना साधी होती. शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवायच्या. ती फारशी चालली नाही. बाहेरून आलेली, पांढऱ्या कपड्यातली बाई बाळंतिणीच्या खोलीत कुणाला नको होती. तेव्हा त्यांनी गावालाच विचारलं, तुमच्यातली एक बाई द्या. गावांनी दिलेल्या बायका बहुतेक अक्षरओळख नसलेल्या, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या आणि परत जायच्या.

इथे जरा थांबून विचार करा. वरच्या जातीच्या घरात बाळंतपण करायला दलित बाई आत जाणार, बाळाला हात लावणार, पाणी उकळून देणार. १९७१-७२ च्या मराठवाड्याच्या सीमेवरच्या खेड्यात. त्यात दुष्काळ पडलेला. आरोळे दांपत्याने मदत मिळवून बोअरवेल खणल्या आणि हातपंप मुद्दाम दलित वस्तीत येतील असं पाहिलं. पाणी हवं तर तिथे या. हे मुलांना सांगा, त्यांना पटकन कळतं. आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे गोळ्यांचा डबा एवढंच नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९७१ मध्ये तिथे हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आल्याचं प्रकल्पाने नोंदवलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. १९७८ च्या अल्मा-अता परिषदेने "सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य" ही घोषणा दिली, तिच्या आधीच्या चर्चेत जामखेडचं नाव होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं.

मग सरकारने काय केलं? सरकारने नक्कल केली. आणि ही नक्कल बघण्यासारखी आहे.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिने प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि थोडी औषधं. कागदावर जामखेडच. पण निवडलेले कार्यकर्ते बहुसंख्य पुरुष होते. ज्या घरात बाळंतीण आहे तिथे पुरुष जाणार कसा? बऱ्याच ठिकाणी निवड गावाने न करता गावातल्या वजनदार माणसाने केली. तीन महिने शिकवून सोडून दिलं, दर आठवड्याला भेटणारं कुणी नाही. पुढे नावं बदलली, पगारासाठी वाद झाले, आणि ही योजना हळूहळू विरली.

माझं मत विचाराल तर सरकारने जामखेडमधला माणूस उचलला आणि त्याला धरून ठेवणारं जाळं तिथेच सोडलं. ती आठवड्याची बैठक, गावाची निवड, महिला मंडळ, वेळेला नेता येईल असं जवळचं रुग्णालय, हे सगळं खर्चाच्या रकान्यात बसत नाही. म्हणून ते नकलेत येत नाही.

आता गडचिरोली. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला, जंगलाचा जिल्हा. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे गेले. हेही हॉपकिन्समधून आलेले. (सांगितलं होतं ना, पुन्हा येईल.) त्यांच्या "सर्च" या संस्थेबद्दल तुम्ही बरंच वाचलं असेल, त्यामुळे कौतुकाचा भाग सोडते आणि कामाच्या पद्धतीकडे येते.

पहिल्यांदा त्यांनी न्यूमोनिया धरला. मुलाला न्यूमोनिया झालाय की साधी सर्दी, हे श्वास मोजून कळतं. पण न शिकलेल्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता आलं पाहिजे ना? म्हणून एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. औषध सुरू. १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. जिथे काम केलं त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून खाली होते.

तरीही बाळं जातच होती, विशेषतः पहिल्या महिन्यात. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत घरी जन्मलेल्या बाळांची नीट पाहणी केली तेव्हा दिसलं की जवळपास निम्म्या बाळांना काहीतरी गंभीर त्रास होतो, आणि डॉक्टरपर्यंत शंभरातली जेमतेम दोन-तीन पोचतात. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडायचं नाही ही रीत, रस्ता नाही, पावसाळ्यात नाले भरलेले, आणि पोचून तरी तिथे लहान बाळासाठी सोय काय होती?

मग उलटा विचार. बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखाना बाळाकडे न्यायचा. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायकांना "आरोग्यदूत" म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला उबेत ठेवणं, दूध पाजायला आईला मदत करणं, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणं, आणि जंतुसंसर्ग ओळखून तोंडावाटे औषध व जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. या शेवटच्या गोष्टीवर डॉक्टरमंडळींचा मोठा आक्षेप होता. सातवी शिकलेली बाई नवजात बाळाला सुई टोचणार? आक्षेप चुकीचा नव्हता, आपल्यालाही हाच प्रश्न पडला असता. उत्तर आकड्यांनी दिलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात साधारण १७ दगावायची, आरोग्यदूत उपचार करायला लागल्यावर तीनच्या आत. तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटमध्ये हे छापून आलं.

इंग्लंडात बाळ झाल्यावर मिडवाइफ घरी येते, मग हेल्थ व्हिजिटर येते, आणि आपण भारतातल्या आईला कौतुकाने फोनवर सांगतो, "अगं, इथे घरी येऊन वजन करतात!" तेच काम गडचिरोलीची बाई १९९५ पासून पायी फिरून करत होती.

पण इथवरची गोष्ट एका संस्थेची झाली. ३९ गावं. महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांहून जास्त. ३९ वरून तिकडे जायचं कसं? माझ्या दृष्टीने खरी गंमत इथून पुढे आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

पहिली पायरी मोजणीची होती. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या १३ संस्था एकत्र आल्या आणि प्रत्येकीने आपापल्या भागात जन्म-मृत्यू मोजले. सगळ्यांची पद्धत एकच. हे वाटतं तितकं सोपं नाही हं. संस्थांनाही अहंकार असतो, प्रत्येकाला आपली वही बरोबर वाटते. तरी ते जमलं, आणि २००१ मध्ये "कोवळी पानगळ" हा अहवाल आला. त्यांचा अंदाज, राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू. सरकारी नोंदीत यातले फार थोडे दिसत होते. वर्तमानपत्रांनी ते उचललं, विधिमंडळात गाजलं, न्यायालयापर्यंत विषय गेला, आणि सरकारने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. अभय बंगच. टीका करणाऱ्यालाच टेबलाच्या आत बोलावलं. याला कुणी शहाणपण म्हणेल, कुणी चतुराई. मला वाटतं थोडं थोडं दोन्ही.

दुसरी पायरी, "अंकुर" प्रकल्प. शंका अशी होती की गडचिरोलीत जमलं ते बंगांमुळे, इतरांना कसं जमणार? म्हणून २००१ ते २००५ या काळात सात वेगळ्या संस्थांनी, सात वेगळ्या ठिकाणी तेच काम करून पाहिलं. काही भाग आदिवासी, काही ग्रामीण, काही शहरातली झोपडपट्टी. तिथेही नवजात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आता "ते तर बंग आहेत" असं म्हणता येईना.

त्याच सुमारास शेजारच्या छत्तीसगडमध्ये, राज्य नवं होतं तोवर, सरकार आणि संस्था यांनी मिळून "मितानिन" कार्यक्रम उभा केला (२००२). पाड्यापाड्याने आपली बाई निवडायची. प्रशिक्षणाचा आणि पाठीशी उभं राहण्याचा मोठा वाटा संस्थांमधून आलेल्या माणसांनी उचलला. १९७७ ची चूक त्यांच्या डोळ्यासमोर होती.

या सगळ्या ओढ्यांचं पाणी एप्रिल २००५ मध्ये एका जागी आलं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यात आशा. या वेळी नियमातच लिहिलं होतं: बाईच हवी, त्याच गावची हवी, हजार वस्तीमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात वस्तीगणिक. तिच्यावर देखरेखीला आणि मदतीला गटप्रवर्तक. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी देशभर तिच्या कामात आल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळ घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांमध्ये गडचिरोलीचा अनुभव उतरला, आणि राज्याराज्यांचे प्रशिक्षक शिकायला शोधग्रामला आले.

सगळं मात्र आलं नाही. ते इंजेक्शन देशपातळीवर आशाच्या पिशवीत गेलं नाही, ते नर्सबाईंकडेच राहिलं.

मुलांना समजावताना मी हे असं मांडते. एका बाळाकडे बघा. आशाताई घरी गेली, वजन कमी भरलं. तिने उपकेंद्राच्या नर्सबाईंना फोन केला. नर्सबाई प्राथमिक आरोग्य केंद्राची, ते जिल्हा परिषदेचं. १०८ ची गाडी आली, ती सरकारच्या कंत्राटावर खासगी कंपनी चालवते. बाळ जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात गेलं. परत आल्यावर आईचा आहार अंगणवाडीने बघितला, ते खातंच वेगळं. आशाताईला शिकवणारी माणसं कदाचित एखाद्या संस्थेची. यातला एक धागा तुटला की बाळ मध्येच अडकतं. मग सांगा, बाळ कुणी वाचवलं?

आणि या जाळ्यात संस्थांचं आणखी एक काम आहे, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सरकारवर नजर ठेवण्याचं. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर "लोकाधारित देखरेख" सुरू झाली, सुरुवातीला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. पुण्याची "साथी" ही संस्था राज्यपातळीवर, तिच्याखाली जिल्ह्या-तालुक्यांच्या संस्था. गावकरी आपल्या आरोग्य केंद्राला गुण देणार आणि मग जनसुनवाई. मांडवाखाली एका बाजूला अधिकारी, समोर गाव. बाई उठून सांगते, डॉक्टर जागेवर नव्हते, बाहेरून औषध आणायला लावलं. अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावं लागतं. आणि या कार्यक्रमाला पैसे कुणाचे? त्याच सरकारी अभियानाचे. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याचेच कान धरायचे, ही तारेवरची कसरत आहे. निधी उशिरा येणं, नाराजी ओढवणं, हे त्यासोबत आलंच.

२०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ आहे. हे श्रेय एकट्या आशाचं नाही. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, रस्ते झाले, नवजात कक्ष झाले, मुली शिकल्या. पण मेळघाट, नंदुरबारसारख्या ठिकाणी पावसाळ्यात अजूनही बातम्या येतात, तेव्हा राज्याचा सरासरी आकडा बघून खूश होऊ नये.

आता न आवडणारा भाग. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. आपण सगळ्यांनी ती बातमी पुढे पाठवली. या बायका कागदोपत्री "स्वयंसेविका" आहेत, कर्मचारी नाहीत. पगार नाही, कामागणिक मोबदला. नवजात बाळाच्या त्या सगळ्या घरभेटी नीट झाल्या तर त्यांचे मिळून २५० रुपये, असा तो दर ठरला होता. जून २०२१ मध्ये, कोविडच्या ऐन काळात घरोघर फिरल्यावर, महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. २०२३ च्या शेवटी पुन्हा, २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा, मुंबईत आझाद मैदानावर. मानधन थोडं वाढलं, दर्जा तोच राहिला. सेवाभावाची भाषा संस्थांकडून आली आणि सरकारला ती फारच सोयीची पडली, असं मला स्पष्ट वाटतं. गावाची निवड, बाईचा मान, हे घेताना "ती स्वयंप्रेरणेने करते" हेही घेतलं, आणि त्याचा अर्थ "तिला कमी दिलं तरी चालतं" असा झाला. गौरव करायला पैसे लागत नाहीत.

आता पुन्हा तुमच्या दोन प्रश्नांकडे.

देणगी देताना संस्थेला जरूर विचारा की तुमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी, जिल्हा परिषदेशी तुमचं काय नातं आहे. "आमचा सरकारशी संबंध नाही" हे अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेबद्दल मला जरा शंका येते. मग पाच वर्षांनी काय होणार? दुसरं, प्रशिक्षण, प्रवासखर्च, बैठका आणि नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा पगार यासाठी पैसे द्यायला तयार असा. आपल्याला इमारतीवर नावाची पाटी आवडते, आणि आठवड्याच्या बैठकीच्या चहा-एसटीभाड्याला कुणी देणगीदार मिळत नाही. जामखेडला खरं काम त्या बैठकीनेच केलं होतं. परदेशातून पैसे पाठवताना संस्थेकडे परकीय देणगी घेण्याची सरकारी नोंदणी आहे का, तेही बघा, नाहीतर त्यांनाच त्रास होतो. अमेरिकेत असाल तर १९७८ पासून काम करणारं महाराष्ट्र फाउंडेशन आहे, तिथे हे सगळं माहीत असलेली माणसं भेटतात.

आणि सोळा वर्षांच्या लेकीला दोन आठवड्यांसाठी कुठल्या संस्थेत पाठवायचं? खरं सांगू, दोन आठवड्यांत ती संस्थेला मदत करण्यापेक्षा संस्थाच तिची सोय बघण्यात अडकते. त्यापेक्षा आजोळी गेलात की एक दिवस तिला गावच्या आशाताईकडे घेऊन जा. आधी विचारून, त्यांच्या सवडीने. त्या सकाळी लवकर निघतात, ऊन व्हायच्या आत. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि एक जाडजूड वही असते. ती वही दाखवायला सांगू नका, त्यात लोकांच्या घरच्या गोष्टी असतात. पण महिन्याला किती घरं होतात, किती प्रकारचे फॉर्म भरावे लागतात आणि गेल्या महिन्याचा मोबदला जमा झाला का, एवढं लेकीला स्वतः विचारू दे. मराठीतच विचारू दे. मोडकंतोडकं चालेल, आशाताई समजून घेतात.